जबाबातलं एक वाक्य

२० ऑगस्ट २००६, रविवार

खांदा बसवला. मनगटाला प्लास्टर. गालात रस्त्यावरची खडी रुतली होती, ती नर्सनं चिमट्यानं एकेक करून काढली. पुरुषोत्तमराव तिला प्रत्येक खड्याला 'थँक यू' म्हणत होते!

पुरुषोत्तमराव देवपुजारी, माझे व्याही. आसावरीचे सासरे. नागपूरला पोस्टात अडतीस वर्षं काढली, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, वय एकाहत्तर. मुलाकडे सहा महिने राहायला आले, आणि माझ्या गाडीत बसले म्हणून हे झालं.

आठवण ताजी आहे तोवर लिहून ठेवतो. काल संध्याकाळी साडेसहाची वेळ, लख्ख ऊन. तळ्यावरून परत येत होतो, आम्ही दोघंच. मेपल क्रॉसिंगच्या हद्दीत मागे निळे-लाल दिवे लागले. पस्तीसच्या रस्त्यावर मी बावन्ननं चाललो होतो — बोलत होतो ना! बोलायला लागलो की माझा पाय जड होतो असं माझी बायको शोभना म्हणते. गाडी कडेला घेतली. पुरुषोत्तमराव उतरले. हात जोडून पोलिसाकडे चालत गेले. तो ओरडला, गाडीत बसा. पुन्हा ओरडला. त्यांना इंग्रजी येतं, चांगलं येतं, पण पोस्टाच्या कागदावरचं. हे इथले उच्चार त्यांना कळत नाहीत. ते हसले आणि जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला. खिशात पासपोर्ट. निमिषनंच सांगितलं होतं — अण्णा, पासपोर्ट सतत जवळ ठेवा.

पुढे तीन सेकंद. फार तर चार.

मी आरशात बघत होतो.

२१ ऑगस्ट

बघत होतो असं काल लिहिलं. बघत होतो आणि गप्प होतो. हे कालच लिहायला हवं होतं.

दोन्ही हात स्टिअरिंगवर. काच बंद. एसी चालू. पोलिसानं एकाहत्तर वर्षांच्या माणसाला तोंडावर आपटलं तेव्हा माझ्या घशातून साधं 'अहो' निघालं नाही.

२४ ऑगस्ट, गुरुवार

आसावरीकडे बसलो होतो सगळे. विषय एकच — तक्रार करायची का.

निमिष म्हणाला, "बाबा, माझं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं आहे. पोलिसांच्या फायलीत आपलं नाव कशाला? अण्णा बरे होतील, डिसेंबरला परत जातील. सोडून द्या ना."

मी पेटलो. सोडून द्या? म्हटलं, भीतीला एकदा घरात घेतलं की ती भाडंही देत नाही आणि जागाही सोडत नाही! या देशातल्या लोकांनी बसमधल्या एका जागेसाठी, एका जेवणाच्या टेबलासाठी मार खाल्ला, म्हणून तुम्ही आज इथे सूट घालून नोकरीला जाता. त्यांच्या जिवावर आपण घरं घेतली आणि आता आपली पाळी आल्यावर पडदे ओढून बसायचं?

आसावरीचे डोळे चमकले. लहानपणी चमकायचे तसेच. निमिष पुटपुटला, "यांच्यापुढे काय बोलणार यार." पुरुषोत्तमराव गळ्यात अडकवलेला हात सावरत म्हणाले, "त्र्यंबकराव म्हणतात तर करू. त्यांना इथलं कळतं."

फॉर्म मीच भरला. साक्षीदाराचा जबाब वेगळ्या पानावर. पहिली दोन वाक्यं खरी लिहिली. तिसरं असं — 'मी ताबडतोब काच खाली केली आणि तीन वेळा मोठ्याने ओरडून सांगितले की या गृहस्थांना तुमचे उच्चार समजत नाहीत, ते खिशातून पासपोर्ट काढत आहेत, त्यांना इजा करू नका.'

पेन अडखळलं नाही. व्यासपीठावर वाक्य येतं तसं आलं, आपोआप, नादात. वाचून पाहिलं तर खरं वाटलं! पस्तीस वर्षं सभा गाजवलेला माणूस अशा वेळी गप्प बसला हे कागदावर शोभलंच नसतं.

सही केली. तारीख घातली.

३ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा गणपती काल. माझं भाषण दरवर्षी आरतीनंतर असतं. यंदाचा विषय दोन महिन्यांपूर्वीच कळवला होता — 'निर्भय नागरिक'. बदलता आला असता.

चारशे माणसं. पुरुषोत्तमराव पहिल्या रांगेत, हात झोळीत, गालावर खपली. मी सगळं सांगितलं. तो रस्ता, ते दिवे, ते जोडलेले हात. आणि मग मी म्हणालो — "मी काच खाली केली आणि ओरडलो! एकदा नाही, तीनदा! कारण अन्याय बघून गप्प बसतो तो माणूस अन्याय करणाऱ्याचा दुसरा हात असतो!"

टाळ्या. लोक उभे राहिले. एक म्हातारे डॉक्टर डोळे पुसत होते.

पुरुषोत्तमराव एका हातानं टाळी कशी वाजवणार! ते उजव्या हातानं मांडीवर थाप मारत होते. माझ्याकडे बघून मान डोलवत होते. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, त्यांच्या खुर्चीच्या पाठीकडे बघून बोललो. ही युक्ती मी नवीन वक्त्यांना शिकवतो.

परतताना गाडीत म्हणाले, "छान बोललात."

बस. एवढंच.

४ सप्टेंबर

पोलीस दूर होता, पण ते तर गाडीपासून दहा पावलांवर होते. मी ओरडलो असतो तर त्यांना ऐकू आलं असतं. ओरडलो नाही हे त्यांना माहीत आहे. माहीत असणारच.

१७ सप्टेंबर, रविवार

शिवांगी सहा वर्षांची आहे. नात. काल रंगवत बसली होती, मान वर न करता विचारलं, "आबा, डिड यू रिअली यल अॅट द पोलीस?"

मी म्हटलं, "चित्र बघू तुझं."

शोभना भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं. पोरगी आत गेल्यावर म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलं तर तुमचा आवाज शेजारच्या गावाला जातो. एवढं तीनदा ओरडलात, आणि त्या दिवशी हॉस्पिटलातून मला फोन केलात तेव्हा घसा अगदी स्वच्छ होता."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही. लिहून दिलंय ते बदलता येतं का, तेवढं विचारते."

मी उठून अंगणात गेलो. गवत कापायची गरज नव्हती, तरी कापलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मेपल क्रॉसिंग पोलिसांचं उत्तर आलं. अडीच महिने चौकशी केली म्हणे. त्यांचीच माणसं, त्यांच्याच माणसाची. 'तक्रारीत तथ्य आढळले नाही. वापरलेले बळ परिस्थितीस उचित होते.' उचित! पोस्टमास्तर पासपोर्ट काढतो ही परिस्थिती, आणि मोडलेलं मनगट हे तिचं उचित उत्तर! मी ते पत्र मोठ्यानं वाचलं, फाडणार होतो, शोभनानं हातातून काढून घेतलं.

तिनं ते शांतपणे पूर्ण वाचलं. मग दुसऱ्या पानावर बोट ठेवून मला परत दिलं. त्या पोलिसाचा जबाब. 'इसमाला भाषा समजत नाही असे मला कोणीही सांगितले नाही. वाहनाची काच बंद होती. चालक पूर्ण वेळ शांत होता व सहकार्य करत होता.'

चालक शांत होता व सहकार्य करत होता.

त्या माणसानं हात मोडला. पण त्या दोन पानांत माझ्याबद्दल खरं एकट्या त्यानंच सांगितलंय.

११ नोव्हेंबर, शनिवार

आणखी एक आहे. हे शोभनालाही सांगितलेलं नाही. या वहीतही नुसतं 'पुरुषोत्तमराव उतरले' असं लिहून मी पुढे गेलो होतो.

ते आपणहून उतरले नाहीत.

दिवे दिसल्यावर त्यांनी विचारलं, "उतरायचं का? आपल्याकडे साहेब आला आणि आपण बसून राहिलो तर बरं नाही दिसत." मी तेव्हा ग्लोव्ह बॉक्समध्ये इन्शुरन्सचा कागद शोधत होतो. आणि त्याआधी वीस मिनिटं मी त्यांना हेच सांगत होतो — इथला पोलीस हा नागरिकाचा नोकर, इथे पोलिसाला कोणी भीत नाही, हा कायद्याचा देश! त्याच तोऱ्यात म्हणालो, "उतरा की! बिनधास्त उतरा. दोन शब्द बोला त्याच्याशी. माणसं आहेत तीही."

या देशात पस्तीस वर्षं. पोलिसानं थांबवलं की गाडीतून उतरायचं नाही, हात दिसतील असे ठेवायचे — हे सोळा वर्षांच्या पोरांना लायसन्स देताना शिकवतात. आसावरीला मीच शिकवलं होतं. आणि व्याह्यांना म्हणालो, बिनधास्त उतरा. स्वतः मात्र नियमाप्रमाणे हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो.

माझ्या वाक्यावर विश्वास ठेवून ते उतरले.

८ डिसेंबर, शुक्रवार

पुरुषोत्तमराव गेले नागपूरला. विमानतळावर सोडायला सगळे गेलो होतो. हात छातीच्या वर जात नाही अजून. रोज सकाळी बारा सूर्यनमस्कार घालायचे, आता एका हातानं अर्धे घालतात. मी एकदा बघितलं होतं खिडकीतून. नंतर त्या वेळी आसावरीकडे जाणंच टाळलं.

निघताना मी म्हटलं, "पुरुषोत्तमराव, तो दिवस —"

"जाऊ द्या हो," म्हणाले. "घरात चारदा तेच काढून राहिले सगळे. तुम्ही हिवाळ्यात सांभाळा, बर्फात चालू नका."

वाकून पिशवी उचलायला गेले, डाव्या हातानं. विसरले. मग उजव्यानं उचलली.

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

दावा दाखल झाला. तो पोलीस आणि टाउनशिप, म्हणजे तिथली नगरपालिका, दोघांवर. मीच वकील शोधली. कोवाल्स्कीबाई — हॅमट्रॅमकच्या, पन्नाशीच्या, आवाज खरखरीत. पोलिसांविरुद्धच्याच केसेस घेतात. भिंतीवर एकही सर्टिफिकेट नाही, नुसते फोटो. सुजलेले चेहरे, प्लास्टरमधले पाय. म्हणाल्या, हे माझे लोक.

निमिष ऑफिसातून रजा काढून आला होता. वाटेत मला म्हणाला, "बाबा, तुमचं ते भाषण असतं. आमचं आयुष्य असतं." मी उत्तर देणार होतो. उत्तर तयार होतं, चांगलं होतं. गिळलं.

बाईंनी माझा जबाब दोनदा वाचला. तिसऱ्या वाक्याखाली पिवळी रेघ मारली. "पोलीस म्हणतो त्याला कोणी सांगितलं नाही. तुम्ही म्हणता तुम्ही तीनदा सांगितलं. सांगूनही त्यानं माणूस आपटला असेल तर ज्युरी त्याला सोडणार नाही. मिस्टर देवपुजारींची सगळी केस या वाक्याच्या पाठीवर उभी आहे."

मी म्हटलं, "हो."

तेव्हाच सांगता आलं असतं. खोलीत निमिष होता. जावयासमोर?

१३ फेब्रुवारी

जावयासमोर नको, म्हणून नाही सांगितलं. आज तो नव्हता. आज फोनही केला नाही. तेव्हा जावयाचं कारण सांगू नये.

१७ मे, गुरुवार

पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं. कोवाल्स्कीबाईंच्या कॉम्प्युटरवर आसावरी, शोभना आणि मी पाहिलं.

चित्र आहे, आवाज नाही. त्या दिवशी माइक बंद होता म्हणे. कसा बंद होता, देव जाणे! कोन मागून. पुरुषोत्तमराव उतरतात, जाकीट नीट करतात. जाकीट नीट करतात! शाळा तपासायला साहेब आल्यावर मास्तर करतात तसं. हात जोडतात. मग खिसा. मग तो मोठा निळा देह त्यांच्यावर, आणि ते दिसेनासे होतात. आसावरीच्या तोंडून बारीक आवाज आला. आतापर्यंत ती रडली नव्हती.

माझी काच या कोनातून दिसत नाही.

पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. खरंच. मुलगी शेजारी रडतेय आणि माझ्या मनात पहिला विचार — काच दिसत नाही! मग माझीच मला अशी किळस आली की बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

परतताना आसावरी म्हणाली, "बाबा, एक बरं. निदान कोणीतरी ओरडत होतं त्यांच्यासाठी."

१९ मे

शोभनाला सांगितलं. दोन्ही गोष्टी. गप्प बसलो ते, आणि उतरा म्हणालो ते.

पहिली तिला माहीतच होती. दुसरी ऐकून ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "भीती सगळ्यांना वाटते हो. माझी तर बोबडी वळली असती. भ्यायलात त्याचं मला काही नाही. त्यानंतर चारशे माणसांपुढे उभं राहून टाळ्या घेतल्यात, त्याचं काय करू?"

"खरं सांगेन मी."

"कधी?"

"साक्षीच्या वेळी. शपथेवर."

"आधी त्या वकीलबाईला सांगा. आजच. आणि व्याह्यांना फोन करा."

बरोबर आहे तिचं. मला कळतं ते.

१ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचं गणपतीतलं भाषण यंदा नाकारलं. घसा बसलाय, म्हणालो. तेही खोटंच.

२५ सप्टेंबर, मंगळवार

साक्षींची तारीख ठरली — २३ ऑक्टोबर. कोर्टात नाही, वकिलाच्या ऑफिसात. पण शपथ तीच, टंकलेखिका प्रत्येक शब्द उतरवून घेणार. सकाळी पुरुषोत्तमराव, दुपारी मी. ते त्यासाठी नागपूरहून येतायत.

कोवाल्स्कीबाईंची सक्त ताकीद — दोन्ही साक्षीदारांनी एकमेकांशी केसबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. पलीकडचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, ठरवून आलात का म्हणून.

केवढं हायसं वाटलं मला! आता व्याह्यांना फोन करायची सोयच उरली नाही. नियमच तसा!

इतका आनंद एखाद्या नियमाचा मला आयुष्यात झाला नव्हता.

१४ ऑक्टोबर, रविवार

पुरुषोत्तमराव आले. बारीक झालेत. शोभनासाठी संत्र्याची बर्फी, माझ्यासाठी जाड पानांची कोरी वही. "तुम्हाला लिहायला लागतं ना सारखं. इतकं काय लिहून राहिले असता, कोण जाणे!" असं म्हणून हसले.

जेवताना आसावरी म्हणाली, "अण्णा, घाबरू नका हं साक्षीला."

"छे! पोस्टाच्या इन्स्पेक्शनला अडतीस वर्षं तोंड दिलंय. विचारतील तेवढंच सांगायचं आणि वरच्या माणसाला सांभाळून घ्यायचं." सगळे हसले. मीही.

१७ ऑक्टोबर, बुधवार

कोवाल्स्कीबाईंकडे तयारीसाठी गेलो. एकटाच. दीड तास. त्यांनी पोलिसांचा वकील होऊन प्रश्न विचारले. मी जबाबात लिहिलं तेच म्हणालो. शेवटी त्यांनी फाइल मिटली, चष्मा कपाळावर नेला. "मला माहीत असायला हवं असं आणखी काही?"

खिशात चार पानं होती. माझी कबुली. चौथा खर्डा. सुरुवात अशी — 'मी आयुष्यभर शब्दांवर जगलो, आणि ज्या एका क्षणी शब्दांनी मला हाक मारली त्या क्षणी मी त्यांना ओळख दिली नाही.' तीन दिवस त्या वाक्यावर घालवले आहेत.

खोली लहान. टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. बाईंचा फोन दर दोन मिनिटांनी थरथरत होता. आणि मला वाटलं — हे इथे? असं? एका माणसासमोर, सँडविचच्या शेजारी? नाही. हे शपथेवर सांगायचं. नोंद होईल अशा ठिकाणी. सगळ्यांसमोर. तेव्हाच त्याला वजन!

"नाही," म्हणालो. "आणखी काही नाही."

घरी येऊन शोभनाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कबुलीचंसुद्धा भाषणच करणार तुम्ही."

मी चिडलो. म्हटलं, आधी सांगितलं तर ती बाई मला साक्षीदारांतून काढून टाकेल, जबाब गुपचूप गुंडाळेल आणि खरं कधी नोंदवलंच जाणार नाही! हे कारण खोटं नाही. पण खोलीतून उठताना ते माझ्या डोक्यात नव्हतं. घरी येताना हायवेवर सुचलं.

२१ ऑक्टोबर, रविवार — दसरा

शिवांगीनं सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापली होती. सगळ्यांना वाटत फिरली. पुरुषोत्तमरावांना मी पान दिलं, वाकलो. व्याही असले तरी वयानं पाच वर्षांनी मोठे. त्यांनी उजव्या हातानं मला उठवलं. डावा हात तसाच, पोटाशी.

आम्ही दोघं मागच्या पायऱ्यांवर बसलो. मेपल पेटल्यासारखे लाल. केसबद्दल बोलायचं नाही, म्हणून आम्ही झाडांबद्दल बोललो. मग ते म्हणाले, "निमिषचं लग्न ठरलं तेव्हा नागपुरात लोक विचारायचे, मुलीकडचे कसे आहेत? मी सांगायचो, मुलीचे वडील अमेरिकेत सभा गाजवतात. परवा आमच्या गल्लीतल्या मंडळात तुमचं ते भाषण वाचून दाखवलं मी. आसावरीनं टाइप करून पाठवलं होतं. निर्भय नागरिक. लोकांना फार आवडलं."

मी विचारलं, "सगळं वाचलंत?"

"सगळं म्हणजे? तुमचं एक अक्षर गाळलं नाही."

काय होतं त्यांच्या तोंडावर? टोमणा होता का? मी शोधला. नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी चारही पानं फाडून टाकली. शोभना म्हणाली ते खरं. शरमेलाही मी दागिने घालत होतो. उद्या तीन वाक्यं बोलायची — मी उतरा म्हणालो. मी गप्प बसलो. मी खोटं लिहिलं. टाळी घ्यायला कुठे जागाच राहणार नाही अशी.

दुपारी एकदा फोन उचलला, कोवाल्स्कीबाईंचा नंबर फिरवला. त्यांच्या सेक्रेटरीनं थांबा म्हटलं. एक मिनिट थांबलो. मग ठेवून दिला. एका दिवसानं काय फरक पडतो! उद्या सांगायचंच आहे.

केस हरेल? कदाचित. पण ते आपटले गेले हे चित्रात आहे. त्यांचं मनगट खरं आहे. पुरुषोत्तमराव सकाळी घडलं तसं सांगतील, मी दुपारी घडलं तसं सांगेन. खोटा ठरलो तर मी एकटा ठरेन. तेवढं मी सोसायला हवं. आसावरी माझ्याशी बोलणार नाही काही दिवस. मंडळात कुजबुज होईल. होऊ दे.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा आज जेवण गोड लागलं.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं. तीनच वाक्यं.

कोवाल्स्कीबाईंनी पिवळी रेघ मारलेला माझा जबाब पुढ्यात ओढला. टाउनशिपच्या वकिलानं घाई केली नाही. सकाळच्या टिपणाचं पान उलटलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "म्हणजे आज सकाळी याच खुर्चीत बसून मिस्टर देवपुजारी शपथेवर खोटं बोलले. बरोबर?"

बाहेर पुरुषोत्तमराव बाकावर माझी वाट बघत होते. मला पाहून उठले, जवळ आले, हळूच मराठीत म्हणाले, "मी चोख सांगितलं बरं का. तुम्ही बसा म्हणालात, मीच ऐकलं नाही, उतरलो. आणि तुमच्या तिन्ही हाका मला स्पष्ट ऐकू आल्या. सुनेच्या वडिलांचा शब्द मी खाली पडू देतो का? — काय, जुळलं ना आपलं?"